दफ्तरांतील पूर्वज

अलीकडे पुष्कळ सुशिक्षित घरांत एक नवीन जिज्ञासा दिसूं लागली आहे. घराण्यांतील कोणी पूर्वज पलटणींत होता, एवढें ऐकून माहीत असतें. जुन्या पेटींत एखादें रुप्याचें पदक, फिकट झालेलें छायाचित्र किंवा घडीवर फाटलेला इंग्रजी कागद सांपडतो. आणि मग नातू-पणतू त्या एवढ्याशा धाग्यावरून लष्करी दफ्तरांत शोध करूं लागतात. हा शोध कसा करावा हें सांगणारे जाणते लोक आतां आहेत. परंतु तो कशासाठीं करावा, आणि जें हातीं येईल त्यावर आपला अधिकार कोणता, हें क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मतें हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, व त्याचाच थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वजांचे कागद शोधण्याची हौस आपल्याकडे नवी नाहीं. वतनदारीच्या काळांत असा कागद हाच घराचा आधार असे. कोणत्या मोहिमेंत कोण पडला, कोणाला जखम लागली आणि त्याबद्दल कोणती जमीन इनाम मिळाली, हें करीन्यांत व कैफियतींत सविस्तर लिहून ठेवीत. पुढें १८५२ च्या अकराव्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हां ज्यांना इनामें राखावयाचीं होतीं त्यांना घरचीं दफ्तरें सरकारपुढें मांडावीं लागलीं. अशा कागदांचा इतिहासाला मोठा उपयोग झाला यांत शंका नाहीं. तरीहि करीना लिहिणाराची एक दृष्टि सरकारकडे व दुसरी भाऊबंदांकडे असे, हें विसरून चालत नाहीं. पूर्वजाच्या पराक्रमावर वंशजाची जमीन अवलंबून असली म्हणजे तो पराक्रम पिढीगणिक वाढत जाणें स्वाभाविक होतें. आतां तीं वतनें कायद्यानें गेलीं. कोणाहि पूर्वजाच्या जखमेवर आज कोणाला बिघाभर जमीन मिळावयाची नाहीं. परंतु मनुष्याच्या मनांतील वतनदार इतक्या सहजासहजीं जात नाहीं. जमिनीचें मागणें संपलें तरी मानाचें मागणें उरतें, आणि तें पुरें करण्यासाठीं पुन्हां कागदच धुंडाळले जातात.

लष्करी दफ्तर मात्र असल्या मागणीसाठीं लिहिलेलें नसतें. तें लिहिणाऱ्या कारकुनाला पगार, रजा आणि पेन्शन यांचा हिशेब ठेवावयाचा असतो. मोगली अमलांत शिपायाचा ‘चेहरा’ लिहून ठेवण्याची चाल होती, ती एका शिपायाच्या जागीं दुसऱ्यानें उभें राहून पगार उचलूं नये म्हणून. इंग्रजी पलटणींतील नोंदीमागेंहि हाच व्यवहार आहे. शिपायाचें नांव, बापाचें नांव, गांव, तालुका, जात, उंची, अंगावरील खूण, आणि तो मेल्यास पेन्शन कोणाला द्यावयाचें तें, इतक्या गोष्टींत त्याचें आयुष्य आटोपतें. या कोरडेपणांतच या कागदाची किंमत आहे. त्याला कोणाची स्तुति करावयाची नसते, म्हणून तो सहसा खोटें बोलत नाहीं. पण जें त्याला विचारलेंच नव्हतें, तें तो सांगतहि नाहीं. अंगावरील व्रण त्यांत लिहिलेला आहे. घर सोडतांना त्या मनुष्याच्या मनांत काय आलें, याला त्यांत रकाना नाहीं.

हा कागद मिळविणेंहि सोपें नसतें. पहिल्या महायुद्धाचें पदक असेल तर त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नांव आणि पलटण कोरलेली असते. तेंच शोधाचें पहिलें पाऊल. मग पलटणीचा आंकडा घोटाळ्यांत टाकतो. १९०३ सालीं मुंबई लष्कराच्या पलटणींच्या आंकड्यांत शंभर मिळविण्यांत आले, व त्यामुळें तिसरी पलटण ती एकशेंतिसरी झाली. १९२२ च्या पुनर्रचनेंत १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पलटणी पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अनुक्रमें पहिल्या ते पांचव्या बटालियनी झाल्या, आणि ११४ वी तिची शिक्षणाची बटालियन बनली. घरांतील वृद्धांच्या तोंडीं आंकडा नसून ‘जंगी पलटण’ किंवा ‘काळी पांचवी’ एवढेंच नांव राहिलेलें असतें. शिवाय मराठा पलटण म्हटली तरी तींत दक्षिणी मुसलमानांचीहि भरती असे. त्यामुळें या दफ्तरांत ज्यांचे पूर्वज आहेत तीं घरें एकाच जातीचीं किंवा एकाच धर्माचीं नाहींत. त्यांतून मराठी नांवें रोमन लिपींत, ज्याला जसें ऐकूं आलें तसें, लिहिलेलीं. एकाच गांवाचीं तीन रूपें सांपडतात, आणि जाधव, शिंदे, मोरे या आडनांवांच्या दाटींत आपला मनुष्य ओळखावयाचा तो केवळ बापाच्या नांवावरून.

इतकें करूनहि पुष्कळदां हातीं शून्यच येतें. लंडनमध्यें १९४० च्या सप्टेंबरांत झालेल्या बाँबवर्षावांत पहिल्या महायुद्धांतील ब्रिटिश सैनिकांचीं बहुसंख्य कागदपत्रें जळून गेलीं. हिंदी शिपायांच्या नोंदी मुख्यत्वें त्यांच्या पलटणींकडेच राहत. लंडनच्या जुन्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरांत अधिकाऱ्यांचीं चरित्रें सांपडतात, साध्या शिपायाचें सहसा सांपडत नाहीं. पंजाबांतील सुमारें ३,२०,००० लोकांच्या युद्धसेवेच्या नोंदवह्या लाहोरच्या वस्तुसंग्रहालयांत जवळजवळ शतकभर पडून होत्या. त्या लोकांना पाहतां येऊं लागल्या त्या २०२१ पासून. आपल्याकडे कोंकणांत आणि साताऱ्याकडे पुष्कळ गांवीं एक लहानशी संगमरवरी पाटी आढळते. या गांवांतून महायुद्धाला इतके लोक गेले, पैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच मजकूर. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे गांवचा मृतांचा आंकडा ४६ सांगतात. एका गांवचे ४६! परंतु पाटीवर आंकडा असतो; नांवें नसतात.

आंकडा आणि नांव यांमधील हें अंतर हाच या विषयाचा नैतिक गाभा आहे, असें आम्हांस वाटतें. १९१७ सालीं युद्धांतील मृतांच्या स्मारकांसाठीं साम्राज्याचें एक मंडळ स्थापन झालें. हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून मृतांत भेद करूं नये, हें त्याचें घोषित तत्त्व होतें. इराकांत बसऱ्यास १९२९ सालीं जें स्मारक उघडण्यांत आलें, तें ज्यांच्या कबरी सांपडल्या नाहींत अशा ४०,००० हून अधिक लोकांचें आहे, व त्यांत हिंदी लोकच फार. पण दगडावर नांवें कोरलीं गेलीं तीं अधिकाऱ्यांचीं. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला प्रत्येक पलटणीखालीं ‘आणखी इतके’ असा आंकडा आला. त्याच मंडळाच्या आजच्या वारसांनीं नेमलेल्या समितीनें २०२१ सालीं कबूल केलें कीं, हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन वगैरे निदान ४५,००० मृतांचें स्मारक इतरांच्या बरोबरीनें झालें नाहीं, आणि आणखी निदान १,१६,००० मृतांचें नांवानिशीं, किंबहुना कोणत्याच प्रकारें, झालें नाहीं. मनुष्य मारला गेला तो एकटा, स्वत:च्या देहानें. पण त्याची आठवण केली गेली ती घाऊक.

कुट येथील वेढ्याचें उदाहरण घ्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत पुण्याचें सहावें डिव्हिजन तैग्रिस नदीच्या एका वळणांत कोंडलेलें होतें. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी त्यांत होत्या. शेवटीं उपासमारीनें शरण जावें लागलें, व सुमारें १३,००० लोक तुर्कांच्या कैदेंत गेले. पुढें त्यांना वाळवंटांतून अनातोलियाकडे चालवीत नेलें, आणि त्या वाटेवर व नंतरच्या छावण्यांत किती मेले याची गणती राहिली असली, तरी प्रत्येकाची कथा राहिली नाहीं. त्यांच्यापैकीं एखाद्याच्या घरीं, रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यांतल्या कोठल्याशा वाडींत, त्याच्या मृत्यूची तिथि कोणाला ठाऊक असणार? ज्यांची तिथि ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या आहे, आणि त्या दिवशीं पान मांडलें म्हणजे घर आपलें कर्तव्य पार पाडतें. आज त्याच मनुष्याच्या नांवापुढें नोंदवहींत तारीख सांपडली, तर शंभर वर्षांनंतर त्या घराला तिथि मिळते. अशा वेळीं शोध ही केवळ हौस राहत नाहीं. आंकड्यांतून एक मनुष्य बाहेर काढून त्याचें नांव त्याला परत देणें, हें न्यायाचें काम होय, व तें करणाऱ्याचे श्रम सार्थकीं लागले असेंच कोणीहि म्हणेल.

परंतु न्यायाचें हें काम संपतें तेथेंच मोहाला आरंभ होतो. नांव मिळालें, हुद्दा मिळाला, लढाई मिळाली, कीं आपण लगेच त्या मनुष्याचा निवाडा करावयास बसतों. एक वंशज त्याला शूर वीर ठरवितो, भिंतीवर त्याची तसबीर लावतो, आणि पाहुण्यांपुढें तो पराक्रम असा सांगतो कीं जणूं तैग्रिसच्या चिखलांत तो स्वत:च उभा होता. दुसरा वंशज, जो देशाभिमानाच्या वातावरणांत वाढलेला आहे, तो परक्या सरकारची चाकरी केलेल्या या पूर्वजामुळें संकोचतो आणि ती पेटी पुन्हां माळ्यावर ठेवून देतो. हे दोघे परस्परविरुद्ध दिसतात. पण आमच्या मतें दोघांची वृत्ति एकच आहे. पूर्वज ही आपल्या मालकीची वस्तु आहे, असें दोघेहि समजतात. एकाला ती अंगावर घालावयाचा अलंकार वाटते, दुसऱ्याला वस्त्रावरचा डाग. तो मनुष्य स्वत:साठीं जगला, त्याला स्वत:चीं कारणें होतीं, त्यानें केलेलें बरेंवाईट त्याचें होतें, हें दोघांनाहि सुचत नाहीं.

तीं कारणें कोणतीं? दफ्तर सांगत नाहीं, पण काळ थोडें सांगतो. १९१४ च्या सुमारास शिपायाला महिना ११ रुपये पगार होता. आज हा आंकडा हास्यास्पद वाटेल. परंतु कोंकणांतल्या ज्या कुळाला खोताचा वांटा दिल्यावर वर्षाचें धान्यहि पुरत नसे, त्याला दरमहा रोख मिळणारे ११ रुपये म्हणजे काय, याचा विचार करावा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांची व १८९६ पासून आलेल्या प्लेगची आठवण त्या पिढीला ताजी होती. घरांतील एक भाऊ मुंबईच्या गिरणींत, एक शेतावर आणि एक पलटणींत, ही वांटणी कित्येक घरांत सोयीनेंच झाली असली पाहिजे. कोणी बापाच्या मागोमाग परंपरेनें गेला असेल, कोणी भांडणानें, कोणी जग पाहण्याच्या ओढीनें. साम्राज्यावर निष्ठा म्हणून किती गेले आणि पोटासाठीं किती, याचा हिशेब कोणत्याहि रकान्यांत नाहीं. फ्रान्सकडील हिंदी शिपायांचे शब्द आज कांहीं अंशीं वाचावयास मिळतात, त्याचें कारणहि मोठें चमत्कारिक आहे. त्यांचीं पत्रें सरकारी तपासनीस उघडीत, व त्यांतील उतारे भाषांतरून वरिष्ठांकडे पाठवीत. ते उतारे लंडनला राहिले. म्हणजे सरकारचा शिपायावर पुरा विश्वास नव्हता म्हणूनच त्याचा आवाज टिकला! आणि तपासनीस पत्र वाचणार हें पुष्कळ शिपायांनाहि ठाऊक असे. तेव्हां त्या आवाजांतहि मन कितपत मोकळें झालें असेल, हें सांगवत नाहीं.

“तो कोणासाठीं लढला?” हा प्रश्न विचारण्यापूर्वीं त्याच्यापुढें कोणतीं दारें उघडीं होतीं, हें विचारलें पाहिजे. भीमा कोरेगांव येथें १ जानेवारी १८१८ रोजीं पेशव्यांच्या फौजेशीं कंपनीच्या ज्या तुकडीची लढाई झाली, तिच्यांतील मृतांचीं नांवें तेथील स्तंभावर आहेत, आणि त्यांत ‘नाक’ या प्रत्ययाचीं महार शिपायांचीं नांवें पुष्कळ आहेत. एखाद्या सरदार घराण्यांतील वाचकाला तो स्तंभ स्वराज्याच्या अस्ताची खूण वाटेल. परंतु ज्यांना गांवकुसाबाहेरच राहावें लागे, त्यांच्या वंशजांना तोच दगड आपल्या मनुष्यत्वाचा पुरावा वाटला, तर त्यांत नवल काय? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारनें महारांची भरती बंद केली. तेव्हां पलटणींतून निवृत्त झालेले गोपाळ बाबा वलंगकर यांनीं १८९४ सालीं जो अर्ज सिद्ध केला, त्यांत पूर्वजांच्या सेवेचाच दाखला होता. १९१७ सालीं गरज पडली म्हणून महारांची १११ वी पलटण उभी केली, आणि १९२१ सालीं ती मोडून टाकली. महार रेजिमेंट पुन्हां उभी राहण्यास १९४१ साल उजाडावें लागलें. सुभेदाराचे पुत्र डॉ. आंबेडकर १९२७ च्या १ जानेवारीस कोरेगांवास गेले, तेव्हां त्यांना जुन्या विजयाची मिरवणूक काढावयाची नव्हती. आपल्या लोकांच्या हक्काची आठवण द्यावयाची होती. लष्करी नोंद ही एका घराला संकोचाची गोष्ट आणि दुसऱ्या घराला माणुसकीची सनद असूं शकते. कागद तोच, वाचणारा ज्या दाराबाहेर उभा होता, तें दार निराळें.

येथें कोणी म्हणेल, मग काय, सारेंच क्षम्य? गरिबी होती म्हणून परक्यासाठीं परमुलुखांत जाऊन लोकांवर गोळ्या झाडणें योग्य ठरतें काय? तसें आम्हीं म्हटलें नाहीं. परिस्थिति समजणें निराळें आणि कृत्य निर्दोष ठरविणें निराळें. मेसापोटेमियांतील अरब शेतकऱ्यानें मराठी शिपायाचें कांहीं बिघडविलें नव्हतें, हें खरें आहे, व पूर्वजाची हकीकत लिहितांना त्या अरबालाहि तींत जागा असली पाहिजे. कागदांत कधीं पळून गेल्याची, कधीं शिक्षेची नोंद सांपडेल. तीहि वगळतां कामा नये. इतकेंच कीं हा निवाडा आपण वारस या नात्यानें करूं शकत नाहीं. कर्माचें फळ ज्याचें त्याला, हें तत्त्व आपण मानीत आलों. मग पूर्वजाच्या शौर्याचें फळ मात्र आपल्या पदरांत पडावें, आणि त्याच्या दोषाचें पडूं नये, ही कोणती नीति? शौर्य वारशानें येत नसेल तर लाजहि येत नाहीं.

मग वारशानें येतें तें काय? आपल्या परंपरेनें त्याला ऋण म्हटलें आहे, आणि हा शब्द आम्हांस अभिमानापेक्षां फार खरा वाटतो. तर्पणांत पिता, पितामह, प्रपितामह यांचीं नांवें घेतात, गोत्र सांगतात, आणि पाणी सोडतात. तो सुभेदार होता कीं शिपाई, त्यानें पदक मिळविलें कीं शिक्षा भोगली, याचा तेथें उच्चारहि नसतो. ज्यांना पाणी देणारें कोणी उरलें नाहीं, त्यांच्यासाठींहि त्याच विधींत एक ओंजळ राखलेली आहे. ज्यानें ही योजना केली, त्यानें वंशजाचा अधिकार नेमका ओळखला होता, असें म्हणावें लागतें. वंशजाला स्तुतीचा अधिकार नाहीं, निंदेचा नाहीं. त्याला नांव घेण्याचा अधिकार आहे, आणि तें नांव खरें घेण्याचें कर्तव्य आहे. मालकाच्या नात्यानें नव्हे, साक्षीदाराच्या नात्यानें.

साक्षीदाराचे कांहीं नियम असतात, तेच या शोधालाहि लागू पडतात. कागदावरून जें कळलें तें आणि घरांत जें ऐकलें तें वेगवेगळें लिहावें. जेथें कांहीं सांपडलें नाहीं तेथें मोकळी जागा ठेवावी. ती पराक्रमानें भरूं नये. पगाराचा आंकडा, आजार, शिक्षा, कैद, यांतील कोणतीहि गोष्ट कुळाच्या शोभेसाठीं गाळूं नये. पेन्शनच्या नोंदींत जी ‘विधवा’ असते, तिचें नांव लिहिलेलें नसेल तर घरांतील वृद्ध स्त्रियांस विचारून तें लिहून ठेवावें. कारण तो दोन-चार वर्षें परदेशांत लढला असेल, पण त्यानंतरचीं चाळीस वर्षें तिनें एकटीनें काढलीं असतील, आणि तिला तर आंकड्यांतहि कोणी धरलेलें नाहीं. शेवटची गोष्ट ही कीं, आपलें नांव सांपडल्यावर वही लगेच मिटूं नये. त्याच पानावर त्याच तालुक्यांतील, कदाचित् त्याच गांवचीं, आणखी पांच-दहा नांवें असतात, व त्यांना विचारणारें कोणी आलेलें नसतें. तीं उतरून घ्यावीं आणि त्या गांवीं पोंचवावीं. गांवच्या पाटीवर जो आंकडा आहे, त्याखालीं नांवें लिहिलीं जाण्याला याहून दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाहीं.

ज्या घरांत मुलांना पूर्वजाविषयीं सांगावयाचें असेल, त्यांनीं त्याला थोर म्हणून सांगूं नये आणि लपवूंहि नये. तो अमक्या गांवचा, अमक्याचा मुलगा. इतक्या रुपयांवर गेला. तेथें त्याच्या हातून हें घडलें आणि त्याच्यावर हें ओढवलें. बाकीचें आपल्याला ठाऊक नाहीं, असें सांगावें. मुलाला त्यांतून अभिमान वाटेल कीं नाहीं, हें त्याच्यावर सोंपवावें. आपलें ऋण तेवढ्यानें फिटत नाहीं. पण कोणत्याहि मनुष्याला, मग तो आपला असो वा परक्याचा, केवळ आंकडा म्हणून मोजूं नये, ही बुद्धि त्या मुलाला झाली, तर दफ्तर धुंडाळण्याचे श्रम फुकट गेले असें कोणी म्हणूं नये.